बुडबुडे कुठून येतायत?

मालवण. इथला खारा वारा पडवीपर्यंत येतो. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या या काकांच्या पुढ्यात आज भाच्याचं एअरसॉफ्ट पिस्तूल आहे. गॅसच्या जोरावर ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी उडवणारं. तक्रार दुहेरी: मॅगझीन, म्हणजे गोळ्या आणि गॅस भरायचा कप्पा, त्यातला गॅस रात्रभरात निघून जातो, आणि स्लाईड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यातच थांबते.

बादलीत बघा. मॅगझीन बुडवलं आणि तळाकडून बुडबुड्यांची माळ निघाली. पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात धरतात, तसंच. व्हॉल्व्ह ठीक आहे, तळाचं रबर गेलंय.

खोलण्याआधी सगळा गॅस अंगणात सोडून दिला. यात भरतात तो ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन, पेट घेणारा. मग पिन ठोकून काढली, तळपट्टी उतरली. चिमट्यात आहे ती ओ-रिंग, गॅस अडवणारी रबरी कडी. एका अंगाला चपटी, भिंगाखाली बारीक भेगा. नव्या रिंगला सिलिकॉन ऑईलचे दोन थेंब. शिलाई मशीनचं तेल हाताशी असलं तरी ते नाही. खनिज तेलानं काही रबरं फुगतात. एवढ्याशा रबरापायी अख्खं पिस्तूल भंगारात टाकणं आम्हाला पटत नाही.

आता स्लाईड. हॅमर, म्हणजे आतली हातोडी, व्हॉल्व्हवर आदळतो, गॅस नोझलमध्ये, म्हणजे गोळीमागच्या नळीत शिरतो. आधी गोळी ढकलतो, मग तोच गॅस मागे वळून स्लाईडला रेटतो. मागच्या पिस्टनचं रबर झिजलं की हा रेटा बाजूनं निसटतो. काकांनी तेही बदललं. नोझल जागेवर आणणारी स्प्रिंग मात्र शाबूत निघाली. केसाएवढी तार, घड्याळाच्या स्प्रिंगची आठवण करून देणारी.

बरीच जपानी पिस्तुलं १३४ए या सौम्य गॅससाठी बनलेली असतात. प्रोपेनचा दाब २० अंशांना साधारण ८ बार, ३५ अंशांना १२. आपल्या मे महिन्यात प्लास्टिकच्या नोझलला हा मार सोसावा लागतो. वर खारी हवा: स्क्रूला गंज, मॅगझीनच्या जस्ताला पांढरी बुरशी आल्यासारखा थर.

गोळी डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो. चाचणीला दोघांनी संरक्षक चष्मे लावलेत.

पुन्हा बादली. मिरगाआधी हे मॅगझीन डब्यात जाईल, रबर बसलेलं राहावं म्हणून थोडा गॅस आत ठेवूनच. आत्ता पाणी स्थिर आहे. काका अजून बघतायत.