युद्ध पुकारताना कोणाला विचारलं?

नमस्कार श्रोतेहो. साताऱ्याजवळचं अपशिंगे तुम्हाला ठाऊक असेलच. 'अपशिंगे मिलिटरी' असंच आपण म्हणतो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. युद्ध पुकारलं लंडननं. गावात कुणाला मताचा अधिकारच नव्हता, मग विचारतंय कोण?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९५ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. राजाला युद्ध स्वस्त पडतं. त्याच्या मेजवान्या, शिकारी, महाल सुरूच राहतात. ज्यांना लढायचंय आणि वर पैसाही भरायचाय, त्यांची संमती लागली तर ते दहादा विचार करतील. पुढे १९८३ मध्ये मायकेल डॉईल या अमेरिकी अभ्यासकांनी इतिहास चाळून मांडलं, की स्थिरावलेल्या लोकशाह्या एकमेकींशी लढत नाहीत.

म्हणून लोकशाही देशांना गरीब गाय समजू नका. व्हिएतनाम, इराक आठवा. समोरही लोकशाही असली, तरच गणित बदलतं. तिथलं सरकार काय करणार, हे संसदेतल्या भांडणांवरून, वर्तमानपत्रांवरून आधीच कळतं. दगाफटक्याची धास्ती कमी होते.

आइसलँड आणि ब्रिटन यांची सत्तरच्या दशकात मासेमारीवरून जुंपली, तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. आइसलँडच्या गस्ती बोटी पाण्यात धारदार आकडा सोडून ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्यांचे दोर कापायच्या. ब्रिटननं लढाऊ जहाजं धाडली, ती बोटींवर आदळली. १९७६ मध्ये राजनैतिक संबंधही तुटले. तरी युद्ध पेटलं नाही. त्याच वर्षी तडजोड झाली आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा हक्क चिमुकल्या आइसलँडनं पदरात पाडून घेतला. अर्थात दोघंही नाटो या लष्करी युतीचे सदस्य, आणि नाटो सोडायची धमकी आइसलँडनं दिलीच होती. निव्वळ सद्भावनेनं कोण माघार घेतो?

मग कारगिलचं काय? १९९९ साली दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती. फेब्रुवारीत वाजपेयी बसनं लाहोरला गेले आणि उन्हाळ्यात आपली पोरं बर्फात लढत होती. या सिद्धांताला इथे तडा गेला, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. पाकिस्तानात मतपेटी होती, पण लष्कराचा लगाम पंतप्रधानांच्या हाती नव्हता. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच लष्करप्रमुखांनी त्यांना खुर्चीवरून खाली खेचलं.