धरमतर ते गेटवे: पोहण्याआधीचं वाचन

(दृश्य: रात्रीची धरमतर जेट्टी, सोबतच्या बोटीचे दिवे)

रायगडच्या धरमतर खाडीपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत, सुमारे 36 किलोमीटर. हे अंतर पोहायचं ठरवलेल्या माणसाने दोन पुस्तकं वाचावीत आणि भरती-ओहोटीचं गणित शिकावं.

पहिलं पुस्तक अमेरिकन जलतरणपटू लिन कॉक्स यांचं 'स्विमिंग टू अंटार्क्टिका'. 1987 मध्ये त्या वेटसूट (ऊब राखणारा रबरी पोशाख) न घालता बेरिंग सामुद्रधुनीत अमेरिकेच्या बेटावरून सोव्हिएत बेटावर पोहत गेल्या. पाणी 7 अंश सेल्सिअसहून थंड! धाडस थक्क करतं, पण सावकाश वाचावीत ती तयारीची पानं: शरीराला थंडीची सवय लावणं आणि प्रवाह समजून घेणं.

थंडीचा भाग आपल्याला लागू नाही. मुंबईचं पाणी हिवाळ्यातही 20 अंशांच्या वर असतं. इथे व्हॅसलीन चोपडायचं ते मान, काखा, मांड्या घासून सोलू नयेत म्हणून. सोललेल्या काखेत खारं पाणी गेलं की प्रत्येक हात मारताना कळ येते.

प्रवाहाचा भाग मात्र पुरेपूर लागू. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन वाजता. पूर्ण भरती होऊन पाणी उतरू लागलं की धरमतर सोडायचं. ओहोटी खाडीतून बाहेर काढते आणि खाडीच्या तोंडावरचं रेवस-करंजा मागे पडलं की पुढची भरती उत्तरेला, गेटवेकडे ढकलते. दोन्हींना मिळतात साधारण सव्वासहा-सव्वासहा तास. उशिरा निघालात तर भरती खाडीतच अडवते. तोंडाबाहेर रेंगाळलात तर गेटवे समोर दिसत असताना ओहोटी अंगावर येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा जोर फार, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, कमी. संथ पोहणाऱ्याने हे आधीच तोलावं.

दुसरं पुस्तक अमेरिकन जलतरणपटू डायना नायड यांचं 'फाइंड अ वे'. 2013 मध्ये, वयाच्या 64व्या वर्षी केलेल्या क्यूबा-फ्लोरिडा पोहण्याला अधिकृत मान्यता मिळालेली नाही, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावं. तरी जेलीफिशपासून बचावाचा पोशाख आणि मुखवटा कसा घडला, आधीचे प्रयत्न का फसले, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

खाण्यापिण्याचा सराव मात्र पाण्यातच करायचा. दर अर्ध्या तासाला दोरीला बांधलेली बाटली, त्यात साखर-मिठाचं पेय; तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. थांबणं अर्ध्या मिनिटाचं, कारण तेवढ्यातही प्रवाह वाहवत नेतो. दोरी सैल ठेवायची. तिला धरून तरंगलात किंवा बोटीला टेकलात, तर पोहणं बाद.