१५९ दोघांचे, कौतुक एकाचं

पत्रिकेत विषय छापलाय 'आरबीआयचा आकडा किती खरा?', आरबीआय म्हणजे बेसबॉलमध्ये बॅटरच्या फटक्यावर किती रन आले तो आकडा, त्याच्यावर येतोच मी, पण आधी व्हर्न स्टीफन्स. (हशा) हसा हसा, जे आधी ऐकून गेलेत त्यांना माहितीये.

तर १९४९, अमेरिकन लीग, आपली टीम बोस्टन रेड सॉक्स. टेड विल्यम्सचे आरबीआय १५९. आणि त्याच्याच पाठोपाठ बॅटिंगला येणाऱ्या स्टीफन्सचे? १५९. बरोब्बर तेवढेच! एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, विल्यम्सला मिळाला, मिळू दे, ४३ होम रन (बॉल थेट मैदानाबाहेर) मारलेत त्याने, भांडण नाही. पण स्टीफन्सचे पण ३९ आहेत आणि तो शॉर्टस्टॉप होता हो, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर, म्हणजे त्या काळात ज्याने बॉल नीट अडवला तरी लोक खूश. आता न्यूयॉर्क यँकीजचा शॉर्टस्टॉप बघा, फिल रिझुटो. त्याच सीझनला त्याचे आरबीआय ६५. एमव्हीपीच्या मतदानात दुसरा कोण? रिझुटो. १९९४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये कोण गेला? रिझुटो. स्टीफन्स अजून दाराबाहेर. त्याची फिल्डिंग, यँकीजचा पेनंट म्हणजे लीगचं विजेतेपद, सगळं मान्य, पण ६५ कुठे आणि १५९ कुठे!

बरं, पुढच्या वर्षी म्हणजे १९५० ला गडी परत लीगमध्ये पहिला, १४४, आणि परत बरोबरीत, परत स्वतःच्याच टीममधल्या माणसाशी! वॉल्ट ड्रोपो, नवखा पोरगा, त्याचे पण १४४. त्याला रूकी ऑफ द इयर आणि याला काय, तर शेजाऱ्याचं अभिनंदन करायचं काम. १९४४ मध्ये सेंट लुईस ब्राउन्सकडून १०९ काढून एकटा पहिला आला होता, तर लोक म्हणतात चांगले खेळाडू सगळे युद्धावर होते. माणसाने करायचं काय?

विल्यम्सचं पण एक दुःख आहे, १९४९ च्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये जॉर्ज केल .३४२९ आणि हा .३४२८, त्यात ट्रिपल क्राउन गेला, म्हणजे ॲव्हरेज, होम रन, आरबीआय तिन्हीत पहिला येण्याचा मान. पण त्यावर रडणारे भरपूर आहेत, आपण नको.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मुद्दा. आरबीआय लिहिला जातो मारणाऱ्याच्या नावावर, पण बेसवर आधी कुणी पाहिजे ना. स्टीफन्सच्या पुढे डॉम डिमॅजिओ, जॉनी पेस्की आणि मग विल्यम्स, ज्याला १९४९ ला १६२ वॉक मिळाले, म्हणजे चार चुकीच्या बॉलवर फुकटात पहिला बेस, जवळजवळ दर दुसऱ्या खेपेला तो बेसवर. त्यात फेनवेची, म्हणजे आपल्या घरच्या मैदानाची, डावीकडची भिंत, ३७ फूट उंच पण जवळ, उजव्या हाताने मारणाऱ्याला सोन्याची खाण.

काय म्हणालात? म्हणजे स्टीफन्सचे १५९ विल्यम्सच्या जिवावर? वाटलंच कुणीतरी विचारणार! अहो, विल्यम्सने ४३ वेळा होम रन मारला तेव्हा बेस रिकामे करून गेला ना तो, मग मागून आलेल्या स्टीफन्सला उरलं काय? हा हिशोब कुणी धरत नाही. म्हणून नुसता आकडा नको, किती माणसं बेसवर असताना आला ते पण सांगा, एवढंच म्हणणं.

आणि १९४९ ला शेवटच्या दोन मॅचमधली एक जिंकली असती तरी पेनंट आपला होता, दोन्ही यँकीजने नेल्या. १९५० ला १०२७ रन्स काढून तिसरा नंबर. म्हणजे पिचिंगचं, बॉल टाकणाऱ्यांचं, बोलायलाच हवं होतं, पण आता माईक काढून घेतायत.