पत्र आणायला दुकानात

हा फोटो बघा. लाकडी भिंती, फळ्यांवर माल, काउंटरच्या कडेला पत्रांसाठी छोटे छोटे खण. हे किराणा दुकान की पोस्ट? दोन्ही! अमेरिकेतलं हेड्सव्हिल हे खेडं, तिथलं हे दुकान. १८६१ पासून १९१४ पर्यंत गावाचं टपाल इथेच यायचं. १८६१ मध्ये गाव व्हर्जिनियात होतं. यादवी युद्धात राज्य फुटलं आणि १८६३ पासून तेच गाव वेस्ट व्हर्जिनियात. पत्ता बदलला, दुकान तिथेच.

तेव्हा खेड्यात पोस्टमन फिरत नसे. पत्र आलंय का, ते आपणच जाऊन बघायचं. पोस्टमास्तर म्हणजे बहुधा दुकानदारच. पत्र नसलं, तरी एवढी पायपीट केलीच आहे तर मीठ-साखर घेऊन जाऊ, हा गिऱ्हाइकाचा हिशेब, आणि दुकानदाराला हवं होतं तेच. म्हणून या कामासाठी चुरस असे. वॉशिंग्टनमध्ये सत्ता पालटली, की नवं सरकार आपला माणूस पोस्टमास्तर नेमायचं, आणि कित्येक गावांत पोस्ट उठून दुसऱ्याच दुकानात!

त्याच्याही आधीची तऱ्हा ऐका. १८४७ मध्ये अमेरिकेची पहिली टपाल तिकिटं आली: ५ सेंटांवर बेंजामिन फ्रँकलिनचं चित्र, १० सेंटांवर जॉर्ज वॉशिंग्टनचं. तोवर पैसे बहुतेकदा पत्र घेणाराच द्यायचा, आपल्याकडच्या नॉटपेडसारखे. १८४५ पूर्वी तर दर कागदागणिक; चारशे मैलांपुढे एका कागदाला २५ सेंट, दोन कागद असले की दुप्पट. पाकीटसुद्धा वेगळा कागद धरत. मग लोक काय करायचे? पान भरलं की तेच पान आडवं फिरवायचं आणि लिहिलेल्या ओळींवरूनच पुढे लिहायचं. वाचणाऱ्याचे डोळे गेले तरी चालतील, सेंट वाचले पाहिजेत! १८५५ च्या कायद्यानं पैसे आधी भरणं सक्तीचं झालं.

या दुकानी पोस्टांना धक्का बसला तो घरपोच टपालानं. खेड्यांसाठी ती सेवा १८९६ मध्ये सुरू झाली, तीही वेस्ट व्हर्जिनियातच. १९०१ मध्ये देशात ७६,९४५ पोस्टं होती. पुढे आकडा घसरतच गेला.

१९७१ मध्ये हेड्सव्हिलचं दुकान सुटं करून वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आणून पुन्हा उभारलं. आणि तिथे ते पुढे कितीतरी वर्षं खरंखुरं पोस्ट म्हणून चाललं. खिडकीशी तिकीट घ्यायचं, कार्डावर ‘स्मिथसोनियन स्टेशन’चा हातानं मारलेला शिक्का उमटायचा. मग ते कार्ड पोस्टमन घरी आणून द्यायचा.