चांदणीच्या दाढा

(जुनी इंदूर. पहाट. पत्र्यावर पावसाचा आवाज.)

इंदुरात पागनीसपागा नावाचा मोहल्ला आहे. पागा म्हणजे घोडदळाचं पथक, त्याचं ठाणं. पागनीस म्हणजे त्या पागेचे कागद सांभाळणारा. आज तिथल्या रिक्षावाल्याला घोडा कुठे बघायला मिळेल असं विचारलं, तर तो आधी आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि मग म्हणतो, "किसकी शादी है?"

घोडे आता वरातीपुरते उरलेत. आपण ज्या काकांकडे आलोय, त्यांच्याकडे दोन आहेत. पुढच्या खुंट्याला वरातीची पांढरी घोडी, चांदणी. मागच्या खुंट्याला म्हातारा राजा. चातुर्मास चालू आहे, लग्नं बंद. त्यामुळे चांदणीला सुट्टी, आणि काकांना तिची गाऱ्हाणी सांगायला सवड.

गाऱ्हाणं असं. गेल्या लग्नसराईत चांदणी मान झटकायला लागली. डावीकडचा लगाम जरा ओढला की तोंड वर करायची. एकदा नवरदेवाचा फेटा उडाला, वरातीत हशा झाला, आणि ठरलेल्या पैशांतले पाचशे कापले गेले. ढोलाला बिचकते, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, तोंडाची कडक झालीये, कडियाळं बदला. कडियाळं म्हणजे लगामाची तोंडात बसणारी लोखंडी दांडी.

(जवळून : भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं काटेरी कडियाळं.)

हे आजोबांच्या वेळचं कडियाळं. लोखंडाच्या दांडीवर बोथट झालेले काटे. काकांनी ते वापरलं नाही, पण उतरवून पुसून ठेवलं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. काटेरी कडियाळ्याला आपल्या देशात १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तरी ते अजून घराघरांतून लटकलेलं दिसतं.

(गव्हाणीत टॉर्चचा उजेड.)

डॉक्टर मॅडम आल्या, आणि घोडीकडे न जाता आधी गव्हाणीकडे गेल्या. तळाशी भुशाचे ओले गोळे पडले होते, अंगठ्याएवढे, विडा चघळून थुंकावा तसे.

"काका, हे किती दिवसांपासून?"

"ते होय? नखरेल आहे हो ती. निवडून खाते."

"निवडत नाहीये. चावता येत नाही म्हणून टाकतेय."

मग त्यांनी लीद काडीने उकलली. आत अख्खे चणे, आणि बोटाच्या पेरापेक्षा लांब भुशाच्या काड्या. घोडा रवंथ करत नाही. गाईला दुसरी संधी असते, घोड्याला नसते. जे दळायचं ते तोंडातून खाली जाण्याआधीच. दाढ नीट चालली नाही तर कितीही चंदी, म्हणजे दाणा, घाला, अर्धी लिदीतून बाहेर. मालकाला वाटतं जंत झालेत, आणि तो जंताचं औषध पाजत राहतो.

(गाडीच्या डिकीतून पोत्यात गुंडाळलेली घोड्याची कवटी बाहेर येते.)

मॅडम महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. ही कवटी त्या सगळीकडे बरोबर नेतात, कारण, त्यांच्या शब्दांत, "तोंडात हात घालून दाखवता येत नाही, आणि सांगितलेलं कुणाला पटत नाही."

पुढे बारा दात, गवत तोडायला. मग मोकळी जागा, जिथे कडियाळं बसतं. मग दोन्ही जबड्यांत, दोन्ही बाजूंना, सहा-सहा दाढा. घोड्याला यांशिवाय चार सुळे येतात, म्हणून त्याचे ४०. घोडीला ते सहसा नसतात, तिचे ३६. काहींना पहिल्या दाढेच्या पुढे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा एक दात उगवतो. खायला त्याचा काही उपयोग नाही, कडियाळं मात्र नेमकं त्याच्यावर आपटतं.

माणसाची दाढ आली तेवढीच राहते. घोड्याची हिरडीच्या आत दडलेली असते, तरुणपणी आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत, आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहते. जेवढी वर येते तेवढी गवताने झिजते. हा हिशेब माळरानावर दिवसभर चरणाऱ्या घोड्यासाठी बरोबर बसतो. गल्लीत बांधलेल्या घोडीला सकाळी दाण्याचा तोबरा, संध्याकाळी तोबरा. दाणा चावायला जबडा फारसा आडवा फिरावा लागत नाही. त्यात वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. म्हणजे वरच्या दाढेची बाहेरची कड आणि खालच्या दाढेची आतली कड घासली जातच नाही. ती वाढते, आणि धार धरते.

(चांदणीला गुंगीचं इंजेक्शन. मान हळूहळू खाली येते. तोंडाला लोखंडी जबडा-उघडणी.)

गुंगी दिल्यावर घोडी झोपत नाही, उभीच राहते, फक्त डोकं जड होतं. काकांनी ते खांद्यावर घेतलंय. मोठ्या पिचकारीने तोंड धुतलं, कपाळावरचा दिवा लावला. "इकडे या," मॅडम मला म्हणाल्या. मी कॅमेरा दुसऱ्याकडे दिला आणि हातमोजा घालून गालाच्या आत बोट फिरवलं. पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून फिरवल्यासारखं लागलं. आणि समोर, डाव्या गालाच्या आत, रुपयाएवढा पांढुरका चट्टा. मोहरीचा, म्हणजे तोंडावर चढवलेल्या साजाचा, पट्टा बाहेरून नेमका तिथेच गाल दाबतो. डावा लगाम ओढला की गाल धारेवर. ढोलाचा काही संबंध नव्हता.

(कानशीचा आवाज. बराच वेळ, निवेदनाशिवाय.)

लांब दांड्याची कानस. फक्त धार मोडायची, दाढ सपाट करायची नाही. दळायला खडबडीतपणा लागतोच. जास्त घासलं तर आतला जिवंत भाग उघडा पडतो. जत्रेत आणि बाजारात असं घासून देणारे असतात, त्यांच्याकडे ना दिवा, ना गुंगी, ना आत बघण्याची सवय. त्यांचं काम स्वस्त असतं, एवढंच मी म्हणेन. आणखी एक जुनी खोड : दात येताना तरुण घोड्याचं टाळू पुढच्या दातांमागे सुजतं, तेव्हा ते तापल्या लोखंडाने डागायचे. ती सूज आपोआप उतरते. डाग मात्र राहतो.

पाऊण तास लागला. गुंगी उतरेपर्यंत चारा द्यायचा नाही, नाहीतर घास घशाखाली अन्ननलिकेत अडकतो. धनुर्वाताची लस घेतलीये ना, हे मॅडमनी दोनदा विचारलं. घोड्याला तो रोग फार पटकन धरतो. पुढची तपासणी वर्षाने. पाच वर्षांखालच्या घोड्याची असती तर सहा महिन्यांनी, कारण तेव्हा दुधाचे दात पडून पक्के येत असतात. आणि हो, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड आला तर थांबायचं नाही : वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या पोकळीत जातात, दाढ सडली की पू तिथून वाहतो.

(मागचा खुंटा. राजा.)

निघता निघता काका म्हणाले, "ह्याचंही बघा."

आपल्यात म्हण आहे, धर्माची गाय अन् दात का गं नाय. राजा धर्माचा नव्हता. काकांनी तीन वर्षांपूर्वी मोजून पैसे देऊन आणला, आठ वर्षांचा म्हणून. मॅडमनी त्याचा वरचा ओठ उचलला. वरच्या कोपऱ्याच्या दातावर एक उभी खाच असते; दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी दिसते, पंधराव्याला अर्ध्यावर येते, विसाव्याला टोकाला. राजाची अर्ध्याच्या खाली उतरली होती.

"सतराच्या पुढे, काका. कमी नाही."

"मी दात बघितले होते हो," काका म्हणाले. "खालचे."

खालच्या दातांवरच्या काळ्या खळग्या वयाबरोबर पुसतात, आणि विकणारे त्या कोरून, जाळून पुन्हा काढतात. ते मॅडमनी सांगितलं. काका ऐकून घेत होते.

राजाची खालची एक दाढ कधीतरी पडलीये. समोरची वरची त्या फटीत वाढत आलीये. ती एका दमात कापायची नाही, दर काही महिन्यांनी थोडी थोडी. तोपर्यंत कोरडा भुसा बंद. चापड, म्हणजे कोंडा, पाण्यात भिजवून, लापशीसारखी.

(बादली. राजा तोंड घालतो.)

"विकायचा असता तर गोष्ट वेगळी," काका म्हणाले, आणि बादली पायाने जरा जवळ सरकवली.