दुर्रीच्या जोडीचं काय करायचं?

मंडळी, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या शहराने ऐकला नाही असा विषय उरलेला नाही, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण दुर्रीच्या जोडीवर कुणी तासभर बोलल्याचं मला तरी आठवत नाही. विषय हलका नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्ती खेळली आहे आणि उरलेले निम्मे आत्ता तोंडावर भाव न दाखवता बसलेत. (हशा)

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ‘येथे पत्ते खेळू नयेत’ अशी पाटी आहे. तिच्या बरोबर खाली ज्येष्ठांचा कॅरम चालतो, रुपया पॉइंट. हरकत कुणाचीच नाही. मी एकदा सर्वसाधारण सभेत हा मुद्दा काढला, तर विषयपत्रिकेवर नाही म्हणून बसवलं. विषयपत्रिकेवर घ्या म्हणून पत्र दिलं, तर पत्राची पोच मिळाली. पोच अजून माझ्याकडे आहे. असो.

आपल्या राज्याने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून आपली मंडळी पणजीला जातात, मांडवीत नांगरलेल्या बोटींवर. माझे साडूही गेले, मला घेऊन. साडू तीन पत्तीतले दादा माणूस. हातात काही नसताना चाल अशी वाढवतात की समोरचा ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्तेसुद्धा, टाकून देईल. ते बसले कॅरिबियन स्टडला. पाच पत्ते तुम्हाला, पाच डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याला, डीलरचा एक पत्ता उघडा. आधी अँट, म्हणजे सुरुवातीची बाजी लावायची, मग पत्ते बघून एक तर पॅक करायचं, म्हणजे पत्ते टाकून अँट सोडून द्यायची, नाही तर अँटच्या दुप्पट आणखी लावायचे, तो रेझ.

पहिल्याच डावात त्यांना आली राणी आणि चार फालतू पत्ते. त्यांनी दुप्पट लावले, खुर्चीत मागे रेलले आणि डीलर मुलीकडे असं रोखून पाहिलं, की आमच्या घरात त्या नजरेने तीन जावई पॅक झालेले आहेत. मुलीने विचारलं, “सर, पाणी हवंय का?” आणि पत्ते उलटले. तिच्याकडे अठ्ठीची जोडी होती. अहो, ती पॅक करूच शकत नाही! तिला तशी मुभाच नाही. तिच्यापुढे थापेबाजी करणं म्हणजे पार्किंगच्या मशीनशी हुज्जत घालणं.

गंमत पुढेच आहे. थोड्या वेळाने साडूंना चौर्रीची जोडी आली. डीलरचा उघडा पत्ता इस्पिकचा एक्का. साडूंनी ती जोडी दोन बोटांत धरली, एक्क्याकडे बघितलं, पुन्हा जोडीकडे, आणि पॅक. मी शेजारीच खेळत होतो, म्हणून तिचे पत्ते उघडले गेले. एक्का, गुलाम, नव्वी, पंजी, तिर्री. म्हणजे काहीच नाही! या खेळात डीलरकडे निदान एक्का-राजा किंवा त्याहून चांगला हात नसेल, तर त्याचा हात ‘क्वालिफाय’च होत नाही. अँटवर एकास एक मिळतात आणि रेझ परत येतो. साडू म्हणाले, “एक्का दिसत असताना चौर्री कोण खेळेल?” रात्री मासे खातानाही तेच, परतीच्या बसमध्ये साताऱ्यापर्यंत तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा हात जिंकेल का हा प्रश्नच चुकीचा. पॅक केलं तर किती जातात आणि रेझ केलं तर सरासरी किती जातात, हा प्रश्न विचारायचा. दुर्रीची जोडी घ्या. तीन पत्त्यांत शंभरातल्या ७४ हातांत जोडीही नसते, म्हणून तिथे दुर्रीची जोडीसुद्धा मिशीला पीळ देते. पाच पत्त्यांत मात्र निम्म्या हातांत जोडी किंवा त्याहून चांगलं काही असतंच. समजा १०० रुपये अँटचे शंभर डाव प्रत्येक वेळी दुर्रीची जोडी घेऊन खेळलात. साधारण ४४ वेळा डीलर क्वालिफाय होत नाही, तुम्हाला ४,४०० मिळतात. सहा वेळा त्याच्याकडे नुसता एक्का-राजा निघतो, तिथे तुमची जोडी जिंकते, अँटचे शंभर आणि रेझचे दोनशे मिळून प्रत्येकी तीनशे, म्हणजे १,८००. उरलेल्या पन्नास डावांत तीनशेप्रमाणे १५,००० जातात. वजाबाकी करा: ८,८०० गेले. आणि दर वेळी पॅक केलं असतंत तर? पूर्ण १०,०००. म्हणजे रेझ तोट्याचाच, पण पॅक त्याहून तोट्याचं. म्हणून कॅरिबियन स्टडमध्ये कुठलीही जोडी आली की रेझ, समोर काहीही दिसो. एक्का दिसला तर उलट बरंच, कारण एक्का-राजाने क्वालिफाय होणारा हात जोडीपुढे हरतो.

काय? दहा मिनिटं? चिठ्ठीवर पाच लिहिलंय. बरं, मग जाहिरातीत छापलेलं बाकीचं आता पळत पळत.

अल्टिमेट टेक्सास होल्डम. दोन पत्ते तुमचे, पाच सामाईक. सामाईक पत्ते यायच्या आधी लावलं तर अँटच्या चौपट लावता येतं, थांबलात तर नंतर दुप्पट, अगदी शेवटी एकपट. इथे तिर्रीपासून वरच्या सगळ्या जोड्यांवर लगेच चौपट, दुर्रीच्या जोडीवर थांबायचं. हो, तिर्री आणि दुर्रीतच रेघ आहे! दुर्रीपेक्षा प्रत्येक पत्ता मोठा, आणि सामाईक पत्त्यांत दोन जोड्या पडल्या की तुमची दुर्री हिशोबातूनच जाते. पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत तिसरी दुर्री आली तर दुप्पट लावा, हातात नुसती दुर्रीची जोडीच राहिली तर तिथेही थांबा.

लेट इट राइडमध्ये डीलरला हरवायचंच नसतं, दश्शीच्या जोडीपासून पैसे मिळतात. पहिल्या तीन पत्त्यांत नव्वीपर्यंतची जोडी दिसली तर एक बाजी मागे घ्या, चौथ्या पत्त्यालाही तीच जोडी असेल तर तेव्हाही एक घ्या. मिसिसिपी स्टड बरोबर उलटं. हातातल्या दोन पत्त्यांत कुठलीही जोडी, दुर्रीचीसुद्धा, थेट तिप्पट. मग तिसरा पत्ता जुळला नाही, तर छक्कीपासून वरच्या जोडीवर पुन्हा तिप्पट, पण दुर्री ते पंजीवर फक्त एकपट. कारण तिथे छक्की ते दश्शीच्या जोडीवर पैसे परत मिळतात, त्याखाली जातात.

थ्री कार्ड पोकर राहिलाच. तिथे राणी-छक्की-चौर्री किंवा त्याहून चांगला हात असेल तर खेळायचं, त्यामुळे जोडी कितीही बारकी असो, विचार करत बसू नका. लावायचे मात्र अँटइतकेच, चौपट वगैरे काही नाही.