शांत झाला म्हणजे सुटला असं नाही

सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो, आणि अशाच एखाद्या घरातला पोरगा रात्र रात्र झोपत नाही, उधारीवर सूत उचलतो, टॉवेल एक्स्पोर्टचे मोठमोठे प्लॅन सांगतो, तेव्हा सगळं घर हादरतं, कारण ते दिसतं, गल्लीला कळतं. डॉक्टर सांगतात बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या तेजीत तर कधी खोल उदासीत जाणारा आजार, ॲडमिट करा.

मग डिस्चार्ज मिळतो, पोरगा गप्प बसून असतो, आणि घरचे म्हणतात सुटलो बाबा एकदाचे. खरी काळजी इथनं पुढं घ्यायची असते. बायपोलर असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा साधारण 20 ते 30 पट जास्त, आणि तो सगळ्यात जास्त असतो उदासीत, नाहीतर मिश्र अवस्थेत, म्हणजे मन पार खचलेलं पण अंगातली तगमग तशीच. त्यात देणेकरी दारात, आणि तेजीत आपण कुणाला काय काय बोललो ते आठवून तोंड दाखवायची लाज. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच फार नाजूक.

लिथियम हे या आजारावरचं साधं, जुनं औषध, ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये त्याचा उपयोग दाखवला, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात आजही त्याचं नाव आधी घेतलं जातं. पण बरं वाटतंय म्हणून एकदम बंद केलं तर धोका उलट वाढतो. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवाच, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. मेडिकलमधनं अंगदुखीची गोळीसुद्धा न विचारता घेऊ नका.

आणि त्याला सरळ विचारा, 'जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतंय का रे?' विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधांचा डबा तुमच्या ताब्यात घ्या, सिव्हिलला न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल या भीतीनं कित्येक घरं दवाखाना टाळतात, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.